बस्ता, फ्री डिलिव्हरीसह

९ मार्च

शिवांजलीचं जमलं. मुलगा रणधीर, मूळ तेरचा, लातूरला खासगी कंपनीत. वडील नाहीत, आई धुरपदाबाई शेती बघतात. साखरपुडा २० मार्चला आमच्याकडं, मुरुमला. लग्न २५ एप्रिल.

आजपासून रोजनिशी. शाळेतल्या एका साध्या हेडक्लार्कनं मुलीचं लग्न डोकं वापरून किती स्वस्तात केलं, याची कुठंतरी नोंद राहावी. कुणाला दाखवायची नाही. दाखवली तर लोक कॉपी करतील.

पाहुणे चहा पीत होते तेवढ्यात रणधीररावांच्या मोबाईलमध्ये शॉपिंगचं ॲप टाकून दिलं. माझा रेफरल कोड. शंभर कॉइन जमा. स्थळ लाभाचं आहे.

१० मार्च

बस्त्याचा विषय निघाला. आमच्या घरातला प्रत्येक बस्ता गुरुसिद्धप्पाच्या दुकानात. माझा तिथंच, बहिणींचा तिथंच. दोन्हीकडची माणसं जीप भरून येणार, गादीवर मांड्या ठोकून बसणार, बायका दुकान उलगडणार आणि शेवटी पहिल्याच साडीवर येणार. मध्ये चहा, भजी. नंतर जेवण. जेवण मुलीच्या बापाकडं. यात कापड किती आणि भजी किती?

निर्णय: बस्ता ऑनलाईन. तीच साडी मोबाईलवर चाळीस टक्के कमी. डिलिव्हरी फ्री. भजी नाहीत.

हिला सांगितलं. ही म्हणाली, बस्ता म्हंजे काय नुसतं कापड असतंय व्हय? दोन घरची माणसं एका गादीवर बसत्यात, त्याला बस्ता म्हणत्यात. मी म्हणालो, गादीपण ऑनलाईन मिळते. पन्नास टक्के ऑफ.

शिवांजली आतून आली. म्हणाली, पप्पा, माझं एकच ऐका. लग्न होईपर्यंत काही वाचवू नका. मला त्या घरात मान वर करून जायचंय.

भावूक झाली आहे. वयाचा दोष.

१२ मार्च

व्हॉट्सॲप ग्रुप काढला, 'बस्ता कमिटी'. विहीणबाईंच्या मानाच्या साडीसाठी मतदान ठेवलं. चार पर्याय. आतापर्यंत एक मत. माझं.

मेव्हणा धनाजी ग्रुपवर लिहितो, दाजी, विहीणबाईंकडं बटनाचा फोन हाय, त्या काय फुंकून मत देणार हायत का? त्याला ग्रुपमधून काढलं. धनाजीचा टेम्पो आहे, माल इकडून तिकडं नेतो, पण व्यवहार कळत नाही.

रणधीररावांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. एकंदर प्रतिसाद उत्साहवर्धक.

१४ मार्च

साखरपुड्यात मुलाचा पोशाख आमच्याकडून. शेरवानी बघितली. मरून, जरीची. छापील किंमत वाचून घाम फुटला. साठ टक्के सूट धरूनही घाम पूर्ण वाळला नाही.

मग खाली बारीक अक्षरात दिसलं: सात दिवसांत विनाअट परत.

तीन वेळा वाचलं. माणूस शेरवानी तीन तास घालतो आणि पुढं तीस वर्षं ती कपाटात लटकते. ती तीस वर्षं वाचवली तर कुणाचं काय जातं? रणधीररावांचे तीन तास त्यांना पूर्ण मिळतील. त्यात मी काटकसर करणार नाही.

हिला सांगितलेलं नाही. बायकांना तत्त्व कळतं पण पचत नाही.

१८ मार्च

आमच्या गल्लीला नंबर नाही, म्हणून पत्त्यात 'गुरुसिद्धप्पा क्लॉथ स्टोअर्ससमोर' असं टाकलं होतं. डिलिव्हरीवाला वसीम उमरग्याहून येतो, त्यानं 'समोर' वाचलंच नाही. पार्सल थेट गुरुसिद्धप्पाच्या गादीवर.

आणायला गेलो. गुरुसिद्धप्पानं पार्सल हातात तोललं आणि म्हणाला, या हेडक्लार्क. शेवटी तुमचा बस्ता माझ्याच गादीवर आला म्हणायचा. तोंड बांधून आलाय, पण आलाय. दुकानातल्या बायका हसल्या. मी म्हणालो, अप्पा, तुमचा दर आम्हाला परवडत नाही. तर म्हणतो, दर तुम्ही विचारलाय कुठं?

विचारला नाही हे खरं. पण विचारायचं कशाला? दुकानदार तो दुकानदार.

शेरवानी उत्तम. टॅग कॉलरच्या आत व्यवस्थित बसतो.

२० मार्च

साखरपुडा पार पडला. दिवसभर माझं लक्ष शेरवानीवर.

भटजींना आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, कुंकू जपून, जावयाला ॲलर्जी आहे. खुर्चीवर स्वच्छ चादर. हळदीचं बोट लावायला बायका पुढं आल्या तेव्हा मी मध्ये उभा राहिलो, ते बोट माझ्या सदऱ्याला लागलं. पेढा भरवताना प्रत्येक वेळी मी खाली तळहात धरला. आता सगळ्या फोटोंत माझा तळहात जावयाच्या हनुवटीखाली आहे. धुरपदाबाई म्हणाल्या, ईवाई लईच मायाळू हायत.

एकदा रणधीरराव मानेला खाजवत म्हणाले, आत काहीतरी टोचतंय. म्हणालो, जर आहे. अस्सल जर टोचतेच.

पाहुणे निघताना त्यांना खोलीत नेलं. म्हणालो, खांद्यात थोडी ढगळ वाटते, बदलून मापाची मागवतो, काढून ठेवा. मुलानं लगेच काढली, घडी करून दिली, येताना घातलेला शर्ट चढवला आणि गेला. असा समजूतदार जावई भाग्यानं मिळतो.

शिवांजली दारात उभी होती. तिनं बघितलं आणि आत निघून गेली. थकली असेल.

२१ मार्च

भटजींनी ऐकलं नाहीच. कॉलरवर कुंकवाचा ठिपका. टूथपेस्ट आणि लिंबू. ठिपका गेला, थोडा पुदिन्याचा वास राहिला.

वसीम न्यायला आला. शेरवानी हुंगून म्हणाला, काका, नवरदेवानं हिच्यानं दात घासले का काय? त्याला चहा दिला. त्यानं शिक्का मारला. रिफंड मंजूर!

साखरपुड्याचा पोशाख: खर्च शून्य. हे जिल्ह्यात कुणाला जमलं नसेल. कॉलेजांत शिकवायला पाहिजे.

२४ मार्च

किरकोळ अडचण. रिफंड घेताना 'झटपट रिफंड, पन्नास कॉइन बोनस' हे बटण दाबलं होतं. पैसे बँकेत न येता ॲपच्या वॉलेटमध्ये पडले. ३१ मार्चच्या आत तिथंच खर्च करायचे, नाहीतर बाद.

तोटा मुळीच नाही. मानाच्या साड्या घ्यायच्याच होत्या. बारा साड्यांचा कॉम्बो दिसला, 'प्रत्येक साडी वेगळ्या रंगात'. वॉलेट पूर्ण वापरलं, वर थोडे पदरचे घातले. थोडेच.

शेरवानीवर अभिप्राय लिहिला तर आणखी कॉइन मिळतात. लिहिला. रणधीररावांचा फोटो टाकला, तळहातासकट. "जावयाला साखरपुड्यात घातली. दिसायला भारी. कुंकवाचा डाग टूथपेस्टने निघतो. कार्यक्रम झाल्यावर परत केली, जावयाला पत्ता लागला नाही. पूर्ण पैसे वसूल. पाच स्टार."

संध्याकाळपर्यंत अकरा लोकांना उपयुक्त वाटला. लिखाणाकडं आधीच वळायला हवं होतं.

३० मार्च, पाडवा

रणधीररावांचा फोन. शुभेच्छा दिल्या आणि हळूच विचारलं, ती शेरवानी बदलून आली का? त्यांच्याकडं साखरपुड्याचा पोशाख घालून गोरोबाकाकांच्या देवळात दर्शनाला जायची पद्धत आहे, आई रोज विचारते. मी म्हणालो, कंपनीकडं तो माल संपलाय, चौकशी चालू आहे.

ते म्हणाले, बरं, मी बघतो.

काय बघतो ते कळलं नाही. पण जबाबदारी घेणारा मुलगा.

१ एप्रिल

काय बघतो ते कळलं.

रणधीररावांचा परत फोन. त्यांनी ॲप उघडलं (जे मीच टाकून दिलं होतं), शेरवानी शोधली. माल भरपूर शिल्लक होता. खाली अभिप्राय. अभिप्रायात स्वतःचा फोटो.

मला वाटलं, आज एक एप्रिल आहे, गंमत करत असतील.

२ एप्रिल

गंमत नव्हती. धुरपदाबाईंचा फोन हिच्या मोबाईलवर. हिनं मुद्दाम स्पीकर लावला.

आवाज चढवला नाही बाईंनी. म्हणाल्या, ईवाई, मेलेल्या माणसाच्या अंगावरला कपडा काढत्यात. जित्या माणसाच्या अंगावरला काढून नेलेला म्या जलमात पैल्यांदा बघितला. माझं पोरगं तुमच्या घरातनं उघडं आलं आन त्याला कळलंबी न्हाय.

मी म्हणालो, उघडे नाही, शर्ट होता. हिनं माझ्याकडं असं बघितलं की मी थांबलो.

पुढं म्हणाल्या, लगीन मोडायला भावकी बसली व्हती. रणधीर म्हणला, पोरीचा काय गुन्हा? म्हणून मोडत न्हाय. पर आता बस्ता आमी बांधणार, लगीन आमच्या दारात तेरला लावणार, जेवणावळ आमची. तुमी पोरीला घेऊन या आन कन्यादानाला हुबं ऱ्हावा. बाकी कायबी आणू नका. आणलेलं परत न्यायची तुम्हाला सवय हाय.

फोन ठेवल्यावर ही देवाजवळ जाऊन बसली. शिवांजली म्हणाली, पप्पा, तुम्ही आता काही करू नका. फक्त त्या दिवशी या. येताल ना? एवढंच करा.

म्हणालो, वेडी आहेस का.

शांतपणे विचार केला. मंडप वाचला. जेवण वाचलं. बस्ता वाचला. बँड वाचला. ॲपवर शंभर टक्के सूट मी कधी बघितली नव्हती. सुरुवात शेरवानीपासून झाली, हे विसरून चालणार नाही.

१० एप्रिल

बस्ता बांधला. गुरुसिद्धप्पाच्याच दुकानात. धुरपदाबाई म्हणे, मुलीकडचं नेहमीचं दुकान तेच, मग आपण तेरहून तिथं जायचं.

मला कुणी 'येऊ नका' म्हणालं नाही. कुणी 'या' पण म्हणालं नाही. समोरच्या पानपट्टीवर उभा राहून लक्ष ठेवलं, कुणी फसवू नये म्हणून. तिकडची पंधरा-वीस माणसं, इकडून ही, शिवांजली, धनाजी. सगळी एका गादीवर. धुरपदाबाईंनी शिवांजलीच्या खांद्यावर एकेक शालू टाकून बघितला. एकदा सगळे एकदम हसले. कशाला ते रस्त्यापलीकडं ऐकू आलं नाही.

गुरुसिद्धप्पानं मला बघितलं. दुकानातून उतरून स्वतः ताटली घेऊन आला. म्हणाला, घ्या हेडक्लार्क. ह्याचा दर विचारू नका. आत या म्हणालो असतो, पण दुकान आज त्यांचं हाय.

भजी गरम होती. कांद्याची. मोफत.

१८ एप्रिल

कॉम्बो आला, दहा दिवस उशिरा. बारा साड्या. बाराही एकाच रंगाच्या. रंगाला नाव सुचत नाही. शाळेतल्या जुन्या फळ्याचा असतो तसा.

हिला म्हणालो, या तेरला नेऊ, मान म्हणून. सगळ्यांना सारख्या, म्हणजे रुसवाफुगवा नाही. हिनं एक साडी उलगडली, परत घडी केली. म्हणाली, ह्यातली एक जरी विहिणीच्या पुढं ठेवली तर पोरीला मी आयुष्यात तोंड दाखवणार न्हाय. मानाच्या साड्या मी घेतल्यात. धनाजीनं पैसे दिलेत. तुमाला सांगायचं नव्हतं.

धनाजीला कुठल्याही ऑफरची माहिती नाही आणि पैसे दिलेत. एकेकाचं नशीब.

१९ एप्रिल

रिटर्न टाकला. कारण: रंग वेगळा. मंजूर! या वेळी पैसे थेट बँकेत, चूक एकदाच. पिकअपसाठी एकच दिवस मोकळा दाखवतात, २५ एप्रिल, सकाळी नऊ ते एक. परत करायची मुदतपण त्याच दिवशी संपते. त्यानंतर बारा साड्या माझ्या.

मुहूर्त बारा पस्तीसचा, तेरला. इथून जीपनं अडीच तास. वसीम साडेनऊला आला तर सव्वाबाराला मांडवात. वेळ जमते. बसते अगदी मापात.

२४ एप्रिल

सगळे आज तेरला मुक्कामी निघाले. धनाजीच्या टेम्पोत सामान, जीपमध्ये माणसं. मी सांगितलं, मी उद्या सकाळी पिकअप देऊन मागून येतो.

धनाजी म्हणाला, दाजी, त्या साड्या मी विकत घेतो. आत्ता. तुम्ही जीपमध्ये बसा. मी म्हणालो, प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. तो म्हणाला, कोणत्या? मी पार्सलवरचा पत्ता परत तपासला.

ही म्हणाली, गुरुसिद्धप्पाकडं ठेवा, तो देईल वसीमला. पण गुरुसिद्धप्पा उद्या दुकान बंद ठेवून लग्नाला चाललाय. शिवाय ओटीपी माझ्या मोबाईलवर येतो. या गोष्टी ज्याच्या त्यानं करायच्या असतात.

शिवांजली जीपमध्ये बसायच्या आधी पाया पडली. म्हणाली, कन्यादानाला कोण उभं राहणार पप्पा? म्हणालो, मीच. अगदीच उशीर झाला तर मामा आहे, बॅकअप.

ती बॅकअप या शब्दावर थांबली. मग आत बसली. काच वर केली.

२५ एप्रिल

सकाळी ७. अंघोळ, कोसा सदरा, फेटा. तयार. पार्सल ओट्यावर. जीपवाला दारात, थांबायचे वेगळे घेतो म्हणाला. घासाघीस केली.

९.००. वेळ सुरू.

९.४०. ॲपवर 'पिकअपसाठी माणूस निघाला आहे'. म्हणजे आलाच.

१०.१०. वसीमला फोन. म्हणाला, काका, उमरग्यातच हाय, गाडीत माल भरतोय. धनाजीचा फोन आला, दाजी, कुठवर आलाव? म्हणालो, निघालोच.

११.००. जीपवाला म्हणाला, आता निघालो तरी मुहूर्त सापडायचा न्हाय. त्याला सोडून दिलं. भाडं वाचलं.

१२.३०. धनाजीनं व्हिडिओ कॉल लावला. अंतरपाट दिसला. भटजींचा आवाज तुटक. शिवांजली शालूत. रंग प्रत्यक्षात असाच आहे की मोबाईलमुळं, सांगता येत नाही. चांगली दिसते. लहान दिसते. धनाजीनं फोन तिच्या बाजूला वळवला, तिनं मान वर केली, मी हात हलवला.

तेवढ्यात वसीमचा फोन. तो घेतला.

व्हिडिओ बंद पडला. वसीम म्हणाला, काका, मशीनचा सर्व्हर बंद पडलाय, आज काय येणं होत न्हाय. मी म्हणालो, आज शेवटची तारीख आहे. तो म्हणाला, मग मी काय करू? घरी कार्य हाय का काका? फोन उचलला तवा मागं सनई लावल्यावाणी वाटलं.

१२.४१. परत व्हिडिओ लावला. कुणी उचलला नाही.

१२.५५. उचलला. अक्षता संपल्या होत्या. धनाजी आणि त्याची बायको पाटावर बसून, शिवांजलीचा हात रणधीररावांच्या हातात देऊन वरून पाणी सोडत होते. धनाजी रडत होता. त्याला सवय नाही. फोन कुणी धरला होता माहीत नाही, थोड्या वेळानं तो खाली ठेवला गेला. मांडवाचं कापड दिसत राहिलं. कापड बरं होतं.

२६ एप्रिल

दुपारी सगळे परत आले. हिनं बॅग आत नेऊन ठेवली आणि झोपली.

ॲपवर मेसेज: 'ग्राहक घरी नसल्यामुळे काल पिकअप होऊ शकला नाही.' मी घरीच होतो. तक्रार टाकली. त्यांनी मुदत वाढवून दिली. हट्ट धरला की मिळतं, हे लोकांना कळत नाही.

ही उठल्यावर विचारलं, जाताना शिवांजली माझ्याबद्दल काही म्हणाली का? ही म्हणाली, न्हाय. म्हणालो, आठवून बघ. म्हणाली, आठवायला काय हाय त्यात? धनाजीच्या गळ्यात पडून रडली आन गाडीत बसली.

मांडवपरतणीला येईल तेव्हा समजावून सांगेन. हिला म्हणालो, परवा येणार ना दोघं, मटण किती आणायचं? ही म्हणाली, तुमी काय आणू नका. मांडवपरतणी धनाजीकडं हाय.

म्हणजे तोही खर्च वाचला.

पिकअप आता परवा. वेळ नऊ ते एक. मी दिवसभर घरीच आहे.